गुडघ्याच्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

आईला जाऊन आठ दिवस झाले. रडू अजून आलेलं नाही. वाशीमचे डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलेली, त्यात वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणून बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत गेली. असे पेशंट फार वाचत नाहीत. त्या गोळ्या गुडघ्यासाठी मीच जवळच्या मालेगावच्या दुकानातून आणायचो.

दुपारी शेजारची शांताकाकू भेटायला आली. निघताना म्हणाली, "गजू, त्या गोळ्या उरल्या असतीन त मले दे. तुही माय कशी पोरीवानी चाले."

"संपल्या."

"मंग दुकान तरी सांग."

सांगितलं. का सांगितलं? सकाळच्या बसनं ती जाणार. त्याआधी तिच्या घरी जाऊन बोलावं लागेल, की आई त्या गोळ्यांमुळेच गेली, आणि त्या मीच दिल्या.