दत्तूमामांचे ठोके

३ मार्च
शिरोलीच्या फौंड्रीत आज सहा जणांचं रेकॉर्डिंग. छातीवर तीन चिकटपट्ट्या, बोटाला चिमटा. घामानं पट्ट्या सुटतात, परत लावा. श्वास घेतला की ठोके जरा जलद, सोडला की संथ; या चढउतारावरून आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा अंदाज. सहा वेळा हेच समजावलं. पीएचडीला चाळीस माणसं हवीत. एकतीस झाली. पाठ गेली.

६ मार्च
दत्तूमामा. भट्टीवर वीस वर्षं. दीर्घ श्वासाला ठोके हलेचनात. घड्याळासारखे. वायर बदलली, मला लावून पाहिली. माझे हलतात. उठून उभं केल्यावर त्यांचं बी.पी. धाडकन खाली.
"चक्कर येते?"
"येती की. भट्टीम्होरं कुणाला येत न्हाय?"

७ मार्च
द.मामांची साखर तपासून घेतली. भरमसाट. किती वर्षं आत मुरून नसा पोखरतेय, कोण जाणे. ठोके हलत नाहीत ते त्यामुळंच.
गाईड सरांना फोन. "मधुमेही आपल्या अभ्यासात बसत नाहीत. वगळ. आणि कंपनीला काही कळवायचं नाही, कामगारांना तसं लिहून दिलंय आपण."
वगळलं. एका क्लिकचं काम.

११ मार्च
त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. मामीही आल्या. गोळ्या सुरू. शिवाय चिठ्ठी: भट्टीपासून लांब ठेवा. बाहेर येताच मामी रडायला लागल्या, मामा माझ्यावर खेकसले. "सायबाला सांगू नगासा. गेटवर बशिवत्याल मला."
"लोखंडाचा रस ओततानाच चक्कर आली तर? शेजारी कोण असतं?"
"संभा. जोडीदार."
चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात घातली.

१६ मार्च
चिठ्ठी अजून खिशातच. पण आज स्वतःच आले. "म्याडम, आणि एकदा लावून बघा. गोळ्या घेतोय न्हवं."
सहा श्वास. ठोके तसेच. इतक्यात काही होणार नव्हतंच, तरी मीही टक लावून...
"न्हाय?"
"नाही."
शर्टाची बटणं लावायला फार वेळ घेतला. "सकाळी संभाला म्हटलं, जरा लांब हुबा ऱ्हा. त्यो हसला." मग, "उद्या देतो चिठ्ठी. तुम्ही चला संगं. एकट्याचा त्या केबिनकडं पाय वळत न्हाय."
हो म्हटलं. सरांना काय सांगायचं, डोकं चालत नाही.
साडेआठला गेटवर भेटायचं ठरलंय. आले तर.