मामा, या रविवारी कॉम्प्युटर लावू नका

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (नमस्कार खराखुरा साष्टांग आहे. झेरॉक्स मशीनखाली कागद अडकला होता म्हणून पालथा पडलोय, आणि हात मोकळा आहे तेवढ्यात लिहायला घेतलंय.)

माझं आयुष्य बदललं ते नकाशावालीचा कॉम्प्युटर वाचनालयाच्या जिन्यावर पुन्हा एकदा मेला त्या क्षणी. ते सविस्तर सांगणारच आहे, पण आधी रीतसर विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आणि तुमचा कॉम्प्युटर? त्याची चौकशी कोणीच करत नाही, म्हणून मी मुद्दाम करतोय. एकाही कागदाकडे न बघता तुम्ही तो स्वतःच्या हातांनी जोडलात, हे आम्ही घरात पाहुणा आला की दरवेळी ऐकतो. तो तापतो कारण तो ताकदवान आहे, हेही ऐकतो. पण इतक्या कष्टाळू यंत्राला कधी सुट्टी? तुम्ही तो पत्ते खेळायला फक्त रविवारी लावता हे मला माहीत आहे. माझं ऐकाल तर या रविवारी तेही नको. हवेत उष्मा फार आहे. (तुमच्याकडे गारठा पडलाय असं मामी म्हणाल्या. गारठ्यानेही यंत्रं आजारी पडतात.) म्हणूनच पत्र टपालाने न पाठवता शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देतोय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

माझं म्हणाल तर क्षेम आहे. बाबा अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. मी समोर जेवत असलो तरी "त्याला विचार, पाणी हवंय का" असं चालतं, आणि आई बिचारी खरंच विचारते. कॉलेज सोडण्याबद्दल तुम्ही बाबांची बाजू ऐकलीच आहे, आता माझी ऐका. प्रयोगशाळेचं दार मी आपटलं हे मान्य. काच पडली ती मुळातच सैल होती. सर सर्वांदेखत म्हणाले, "आधी सूचनांचा कागद वाच, मग यंत्राला हात लाव." हे वाक्य चारचौघांत कोणाला सहन होईल? तुम्हाला तर नक्कीच झालं नसतं. त्या दारातून जो बाहेर पडलो तो परत गेलो नाही. सध्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात असतो. इथे कागद वाच असं कोणी म्हणत नाही, नुसता छापायचा असतो.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस आहे. तिथून मोठाले कागद घेऊन जी खाली येते ती नकाशावाली. (नाव माहीत आहे, पण लिहिणार नाही. पाकीट चिकटवण्याआधी आई वाचते.) तिच्या रूपाचं वर्णन करून तुम्हाला संकोचात पाडत नाही. एवढंच सांगतो की कागद गुंडाळताना ती जिभेचं टोक जरासं बाहेर काढते, आणि तेव्हा माझ्या हातून एकाच पानाच्या ढीगभर प्रती निघतात. तिच्या समोरच्या टेबलावर पदवीधर बसतो. गृहस्थाने शिक्षण पूर्ण केलेलं आहे, याखेरीज त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काहीही नाही, पण तेवढं पुरे आहे.

तर नकाशावालीने एका स्पर्धेसाठी वाचनालय काढलं आहे. निवड झाली तर ते खरोखर बांधणार आहेत, आणि दारावर तिचं नाव लागणार आहे. आजवर तिने जे काही काढलं त्यावर साहेबांचं नाव लागलं. स्पर्धेला नकाशाबरोबर एक व्हिडिओ पाठवायचा होता, म्हणजे आपण फाटकातून आत शिरतोय, दालनात येतोय, जिना चढतोय असा. तो व्हिडिओ तयार करताना कॉम्प्युटरला इतका हिशोब करावा लागतो की तो तापून लाल होतो. (लाल दिसत नाही, पण असणार.) पंखा असा घोंघावायचा की त्या खोलीत माणसं हातवारे करूनच बोलायची. आणि व्हिडिओ जिन्यापाशी आला की सगळं एकदम काळं. पुन्हा फाटकापासून सुरुवात. शेवटची तारीख गुरुवार संध्याकाळ. मंगळवारी दुपारी ती दुकानात आली, काउंटरवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना रे?"

मी हो म्हणालो. मामा, तुम्ही असता तर तुम्हीही म्हणाला असता.

दोष कूलरचा आहे हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. कूलर म्हणजे घरातला नव्हे. (हे मामींसाठी लिहितोय, तुम्ही स्वतः बसवलेला आहे.) पातळ पत्र्यांची विटेएवढी चळत असते, तिच्यातून तांब्याच्या नळ्या जातात आणि बाजूला एक पंखा असतो. चळतीचा गुळगुळीत तळ कॉम्प्युटरच्या मेंदूवर घट्ट बसवायचा, मध्ये थोडी राखाडी पेस्ट लावायची. मेंदूची उष्णता नळ्यांतून पत्र्यांत चढते आणि पंखा तिला बाहेर घालवतो. तिच्या कॉम्प्युटरला जो कूलर होता तो दिवाळखोर दुकानातल्या नोकरासारखा नावापुरता होता. मोठा हवा होता. बुधवारी मी तुमच्याकडे मामींच्या खोकल्याची चौकशी करायला येऊन गेलो (तुम्ही दाढीला गेला होतात), आणि गुरुवारी दुपारी कूलर घेऊन नकाशावालीच्या ऑफिसात हजर झालो. कूलर कुठून आला हे इथे महत्त्वाचं नाही.

कॅबिनेट आडवं पाडलं, जुना कूलर उचकटला आणि मेंदू पुसून लख्ख केला. पेस्ट कोणी ठिपक्यासारखी लावतात, कोणी फुलीसारखी. मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. वरून कूलर बसणार, म्हणजे ते कायमचं आत राहणार आणि माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही, असा त्यात विचार होता. मग एका बाजूचे स्क्रू पूर्ण पिळले, आणि दुसऱ्या बाजूचे जोर लावून जेवढे गेले तेवढे. आता पंखा. सरळ लावला असता तर गरम हवा मागच्या भिंतीकडे गेली असती आणि वाया गेली असती. मी तो उलटा लावला, म्हणजे ती पुढून निघेल आणि पदवीधराच्या टेबलावर जाईल. (वैर नाही. हवेला कुठेतरी जावंच लागतं.)

बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा असा चढला की मला वाटलं तो तारीख दाखवतोय आणि वर्षं निघून चाललीत. पूर्वी कॉम्प्युटर जिन्यापर्यंत तरी जात होता, आता फाटकातच गेला. मी आधी विजेला बोललो, मग प्लगला, मग ही इमारत बांधणाऱ्याला. पदवीधर आपले कागद उडू नयेत म्हणून त्यांवर कोपर ठेवून बसला होता. तो म्हणाला, "इमारत आमच्याच साहेबांची आहे." मी त्यालाही बोललो.

नकाशावाली मात्र खाली बसून आत डोकावत होती. ती शांतपणे म्हणाली, "याच्याबरोबर सूचनांचा कागद आला असेल ना? बघू."

हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. मी दाराकडे पाहिलं. त्याही दाराला काच होती. पण तिने ते मान जराशी तिरकी करून विचारलं होतं, आणि सरांनी तसं केलं नव्हतं. मी राहिलो. कागद उंदरांनी खाल्ला असं सांगितलं.

मग तिनेच स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कूलर काढला. एक बाजू सैल राहिल्यामुळे पेस्ट धड पसरलीच नव्हती. पदवीधर वाकून म्हणाला, "हे काय, सात आहे का?" नकाशावालीने त्या अक्षराकडे क्षणभर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि "असू दे" म्हणून पुसून टाकलं. मग तिने कूलर उलटा धरून तळावर नख घासलं. तळाचा एक कोपरा सुटला. तिने तो धरून ओढला तर पारदर्शक प्लॅस्टिकचा आख्खा पापुद्रा निघून आला, त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं: बसवण्यापूर्वी हे काढा.

म्हणजे कूलर रेनकोट घालून आंघोळीला बसला होता. खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर मला संताप करता आला असता. हा पापुद्रा कोणाच्या चुकीने राहिला याचा खुलासा खाली येईल. तूर्त एवढंच म्हणतो की माझ्या नव्हे.

पुढे सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे झालं. पेस्ट वाटाण्याएवढी. एक स्क्रू इकडचा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, असं आळीपाळीने. पंख्याच्या कडेवर हवेचा बाण कोरलेला असतो (मला तो नक्षी वाटला होता), तो भिंतीकडे करून पंखा पुन्हा लावला. सुरू केलं आणि आकडा निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबला. व्हिडिओ फाटकातून आत शिरला.

इथून पुढचं कौशल्य मात्र शंभर टक्के माझं. पंख्याने किती तापल्यावर किती जोरात फिरायचं हे पडद्यावरच्या एका पट्टीने ठरवता येतं. व्हिडिओ दालनाकडे सरकत होता आणि मी ती पट्टी केसाकेसाने हलवत होतो. जरा ताप चढला की लगेच भडकायचं नाही, थोडं थांबायचं, मग सावकाश वेग घ्यायचा, उतरतानाही सावकाश उतरायचं, असं त्या पंख्याला मी बाबापुता करून शिकवलं. (हा परिच्छेद बाबांना दाखवू नये.) शेवटी अशी शांतता झाली की कॉम्प्युटर चालू आहे का हे कॅबिनेटला कान लावून बघावं लागलं. नकाशावालीनेही कान लावला. आमचे कान एकाच कॅबिनेटला होते, मामा, तिचा वरच्या बाजूला आणि माझा खालच्या. ती म्हणाली, "जादूच केलीस रे."

यावर मी काही जोडत नाही, तुम्ही अनुभवी आहात. मामींना हळूहळू भाचेसुनेची कल्पना देऊन ठेवावी. गुडघ्याला जपा.

आपला, पहिल्यांदाच काहीतरी शेवटाला नेलेला,
भाचा

ता. क. कूलर तुमचा आहे. म्हणूनच रविवारचं लिहिलं. खाचा योगायोगाने जुळल्या. मामींना वाटलं मी आतली धूळ काढतोय, त्यांनी कौतुकाने फडकंसुद्धा दिलं, आणि त्याच फडक्यात गुंडाळून तो मी नेला. कृपया मामींना बोलू नये, त्या फक्त फडक्यापुरत्या सामील आहेत.

आणखी ता. क. वरील पापुद्रा पाकिटात घातला आहे. कोपऱ्यात तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे, इतक्या वर्षांनीही स्पष्ट. तेव्हा तुमचा कॉम्प्युटर तापायचा तो ताकदीने नव्हे. मी तुमच्यावर गेलोय असं आई म्हणते. बाबाही म्हणतात, पण त्यांचा सूर निराळा असतो.

आणखी एक ता. क. (खरं म्हणजे पत्र याचसाठी.) रविवारी कूलर बसवायला येईन तेव्हा काही दिवस तुमच्याकडे राहू का? पुढच्या खोलीत, मामींच्या शिलाई मशीनशेजारी. मला सध्या गोंगाट हवाय. कूलर बसवताना सूचनांचा कागद लागेल. तुम्ही टाकला नसेल, तुम्ही काहीच टाकत नाही. फक्त वाचत नाही.

शेवटचा ता. क. मामींना भाचेसुनेचं सांगू नका. वर एक गोष्ट गाळली. आम्ही कान काढले, ती खुर्चीत बसली आणि खोलीत ती शांतता पसरली. पदवीधर मान खाली घालून आपलं काम करत होता. तसाच, स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "जिन्याखाली मुलांना वाचत बसायला कोनाडा ठेवलास, ते फार छान केलंस." ती म्हणाली, "तुला आज दिसला?" तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी. सांगितलंही होतं. या पंख्यात तुला ऐकू गेलं नाही." मग तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, "अजून काय काय सांगितलं होतंस?" आणि तो सांगायला लागला. मामा, त्याने पुष्कळ सांगितलं होतं.

पट्टी अजून माझ्या हाताखाली होती. टोकाला नेली असती तर पंखा पुन्हा घोंघावला असता. कारणही तयार होतं: खबरदारी. व्हिडिओ जिन्याशी आला होता. मी हात काढून घेतला. व्हिडिओ एकेक पायरी करत जिना चढला आणि वरच्या दालनात गेला, जिथे तो आजवर कधीच पोचला नव्हता. त्या दोघांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर आणि मामींचं फडकं उचललं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. काच शाबूत आहे.