चित्रदुर्गाची पथरी

३ सप्टें. ५८
पथरी गेली. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळची, पिवळी, बेल्जमची. वस्तऱ्याला तिच्यासारखी धार दुसरा दगड देत नाही. मोरीच्या कट्ट्यावर धूत होतो, हातातून निसटली, तीन तुकडे. घट्ट धरली होती असं मला वाटत होतं. सौ. म्हणाली, "जाऊ द्या, दगडच तो." दुपारपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

५ सप्टें.
अव्हेन्यू रोडचे दोन्ही हार्डवेअरवाले पाहून आलो. बाहेरचा माल बंद. परवाना, दिल्ली, वगैरे. एकाने कारखान्यातला खरखरीत दगड पुढे केला. त्यावर कोयते लावावेत. आयुधपूजा दीड महिन्यावर. तेव्हा पेटेतले, म्हणजे जुन्या बाजारातले, सगळे न्हावी वस्तरे माझ्याकडून पाजवून घेतात. शिवाय हॉस्पिटलचे ऑपरेशनचे चाकू दर महिन्याला येतातच. दगड मिळाला नाही तर मला दुसरी विद्या येत नाही. वय एक्कावन्न.

९ सप्टें.
राजाजीनगरात नव्या घरांचे पाये खणताहेत, ढिगाऱ्यांतून हिंडलो. सगळा करिगल, काळा दगड, जात्याला बरा. खणणारा वडार हसला, "एन् स्वामी, चिन्न हुडुक्तीरा?" सोनं असतं तर तुलाच दिलं असतं, म्हटलं.

१४ सप्टें.
शाळेच्या पाट्यांचा दगड, कडप्पाचा. जिभेला लावला, लगेच ओल पितो. वस्तरा चार हात फिरवला तर नुसती काळी राड. बाद.

२० सप्टें.
तुरुवेकेऱ्याचा काळा, मूर्ती घडवणाऱ्याकडून तुकडा मागून आणला. दोन दिवस वाळूवर घासून सपाट केला. पोलाद वरून नुसतं घसरतं, अंगठ्याला काही लागत नाही. बाद.
शिवराम न्हावी (चिकपेट) येऊन बसला. म्हणे, "अण्णा, स्वल्प कमी धार असली तरी चालतंय. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" मला कळतं ना.

२७ सप्टें.
लॉरीवाल्याने चित्रदुर्गाकडचा आणला. हिरवट करडा. पहिल्यांदाच जिवाला बरं वाटलं. दाणा बारीक, नखाचा ओरखडा उठत नाही, लिंबू पिळलं तरी फसफसत नाही, म्हणजे चुना नाही. वस्तरा फिरताना आवाजही मऊ. पण धार येत नाही. दोनशे हात मारले. अंगठा धारेवर आडवा फिरवला की धारेने कातडीला धरायला हवं. काही नाही. आप्पा म्हणायचे, डोळा फसेल, केस फसेल, अंगठा फसायचा नाही.

१ ऑक्टो.
पुन्हा तोच. आता घासताना निघणारा चिखल तांबूस येतोय. म्हणजे दगडाच्या पोटात लोखंड. असा एक कण सगळी धार खातो. शिवरामला देऊन टाकला. "ने, बायकोची विळी लाव."

६ ऑक्टो.
कनकपुरेकडचा एक. हाही तांबूस. या मुलखात सगळ्याच दगडांत लोखंड भरलंय काय? हॉस्पिटलची पेटी आली, बारा चाकू. उघडली नाही. घरात सगळ्यांवर खेकसतो आहे.

८ ऑक्टो.
सौ. चहा घेऊन आली ती थबकलीच. "अहो, रक्त." कुठे, म्हटलं. उजवा अंगठा उभा चिरलेला, दगडावर ओघळ. मला पत्ता नाही. तिने हळद दाबली. "झोंबतं का?" झोंबतं म्हणालो. झोंबत नव्हतं.
म्हणजे तो तांबूस चिखल

९ ऑक्टो.
सौ. बाजारात गेल्यावर सुई घेतली. डावा अंगठा, लागते. उजवा अंगठा, तर्जनी, काही नाही. सुई आत गेलेली दिसते फक्त. मनगटावर फिक्कट चट्टा आहे, तिथेही नाही. उन्हाचा समजत होतो. किती महिने झाले कोण जाणे. चट्टा म्हटल्यावर जो रोग मनात येतो त्याचं नाव इथे लिहिणार नाही. भीती वाटते.

११ ऑक्टो.
शि. आला तो चित्रदुर्गाचा दगड घेऊन. "अण्णा, हे देऊन काय टाकलंत? सहज वस्तरा फिरवला यावर. बेल्जम झक मारेल. गिऱ्हाईक खुर्चीतच झोपलं." माझ्या दंडावरचे केस एका फटक्यात काढून दाखवले. चिखल तांबूस येतो, म्हटलं. "छे, हिरवट येतोय की." दगड ठेवून गेला. "आयुधपूजेला माझे सहा वस्तरे यावरच, सरी?" सरी, म्हणालो.
महिनाभर दगडांना शिव्या घातल्या. त्यांतला खरंच वाईट कोणता, आता कसं ठरवू?

१३ ऑक्टो.
या दगडावर वस्तरा लावला. सौ.ला म्हटलं, जरा अंगठा लाव. "मला काय कळतंय त्यातलं." आडवा फिरवायचा, उभा नाही, असं सांगितलं. "धरल्यासारखं वाटतंय," म्हणाली. तिच्या अंगठ्याच्या भरवशावर हॉस्पिटलचे चाकू कसे पाठवू? कुणाच्या तरी पोटावर चालायचे ते. वस्तरा परत देताना तिची बोटं जवळ आली, मी हात मागे घेतला. तिने पाहिलं.

१५ ऑक्टो.
कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. सौ.ला सांगितलं, चाकूंची मुदत वाढवून घ्यायला जातो. डॉ. तरुण, म्हैसूरचे. म्हणाले, डोळे मिटा, टाचणी लागली की सांगा. मिटले. जरा वेळाने म्हटलं, लागली. पुन्हा, लागली. तिसऱ्यांदाही. पलीकडून आवाज नाही म्हणून डोळे उघडले. टाचणी टेबलावरच होती. म्हणाले, "मी अजून सुरू केलं नाही."
मग सगळं तपासलं. गोळ्या आहेत, रोग थांबेल म्हणाले. अंगठ्याला पुन्हा कळेल का, विचारलं तर लिहीत राहिले. शनिवारी बोलावलंय, घरच्यांना घेऊन.
सौ. दारातच उभी होती. "काय म्हणाले?" मुदत मिळाली, म्हटलं. शनिवारचं अजून सांगितलेलं नाही.