चौथ्या अर्थाचं कार्ड

३ जून
‘सॉरी’ माझ्या गळ्यात! मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांच्या आमच्या शब्दकोशात सध्या ‘एस’ चालू. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ‘सोफा’ मिळाला – नशीबवान. संपादकसाहेबांचा नियम तोच : “स्वतःच्या कानांनी ऐकलं तरच कार्ड. कार्ड नाही तर अर्थ नाही!” कार्डावर बोलणारा, ठिकाण, तारीख, वेळ.

४ जून
दिवसात एक्केचाळीस कार्डं! धक्का लागला – सॉरी. शिंक आली – सॉरी. ऐकू आलं नाही – सॉरी? तीन अर्थ झाले. एक गृहस्थ खांबावर आदळले आणि खांबाला सॉरी म्हणाले. मागे धावत जाऊन व्यवसाय विचारला. दंतवैद्य.

६ जून
व्युत्पत्ती लागली. जुन्या इंग्रजीत मूळ अर्थ ‘दुखरं’. जखम ठसठसते ना, तसं. दुःखवाचक ‘सॉरो’शी सख्खं नातं वाटतं, पण ते मानलेलं!
साहेब खूश. “मग चौथा अर्थ – खरंच दुखतंय म्हणून म्हटलेलं सॉरी. कार्ड?”
कार्ड नाही. एकशे बारा जण सॉरी म्हणाले, दुखत कुणालाच नव्हतं. वीस तारखेला छपाई.

९ जून
दंतवैद्याकडे तीन तास बसलो. दुखत होतं एकाला, सॉरी म्हणत होता दुसरा. फुकट गेली सकाळ.

११ जून
संध्याकाळी बायको भांडी पुसता पुसता थांबली. माझी आई जाऊन वर्ष होत आलं. म्हणाली, “सॉरी. त्या दिवशी दवाखान्यातून मी घरी यायला नको होतं. आई एकट्याच गेल्या.”
आणि मी काय केलं? खिशातून कार्ड काढलं! म्हणालो, “परत म्हण. सावकाश.” वर घड्याळ पाहिलं – सहा वाजून दहा मिनिटं.
तिनं हातातला पेला ठेवला आणि आत गेली.

१२ जून
बोलत नाही.

१३ जून
लिहिलेलं कार्ड खिशातच. साहेबांना दिलं नाही. सोफावाल्या बाईंना सगळं सांगितलं. “अहो, अक्कल काय चरायला गेली होती?”
लाज वाटली. फार.

१६ जून
चहा करून दिला. म्हटलं, “सॉरी.”
पाच दिवसांनी तोंड उघडलं तिनं. “पहिला अर्थ की दुसरा?”

१९ जून
सकाळी तिच्यासमोर ते कार्ड फाडलं. मग वर्षभर गिळलेलं बाहेर आलं : “तू नाही म्हणत होतीस. घरी जा म्हणून मीच मागे लागलो. आणि मी तरी कुठे होतो आईजवळ? कचेरीत! तू सॉरी म्हणालीस आणि मला तेवढं बोलायचं धैर्य झालं नाही. कार्ड काढलं. सॉरी.” छातीत खरोखर दुखत होतं.
तिनं माझ्या खिशात हात घालून कोरं कार्ड काढलं. डोळे पुसले.
“किती वाजले?”

२० जून
चौथा अर्थ रद्द. साहेब ओरडले, “महाराज, एकही कार्ड नाही?”
आहे एक. बायको देत नाही.