आधी आवंढा, मग निकाल

रविवार, ५ एप्रिल
शोभा झाली! बेसबॉलच्या सामन्यात पंच होतो. पळणारा गडी बेसवर घसरत आला, समोरच्याने चेंडू त्याच्या पायाला टेकवला, आणि मी ‘आऊट!’ ओरडून मोकळा — तेवढ्यात तोच चेंडू ग्लव्हमधून निसटून माझ्या बुटापाशी घरंगळला. चेंडू हातात टिकला नाही तर गडी बाद नाही; निकाल फिरवावा लागला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या पंचाला लोक काय काय म्हणाले, ते लिहीत नाही. निम्मी माझीच गिऱ्हाईकं. उद्या भेटतीलच.

थोरले पंच — आवाजामुळे सगळे त्यांना भोंगा म्हणतात — तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "डोळा शाबूत आहे रे तुझा. हाताला घाई आहे. सगळं घडून गेलं की एक आवंढा गिळ, मग तोंड उघड."

घरी सांगितलं, तर ही म्हणते, मैदानावरच कशाला? लेक सगळं मलाच का सांगते? तिचं एक तरी वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलंय?

झोंबलं. पोरगी माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलते, हे खरंच आहे.

मंगळवार, ७
दुकानात सराव. गिळून गिळून घसा कोरडा! पण एका आजीबाईंना अक्षरं दिसेनात, मी ‘नंबर वाढला’ म्हणणार, तेवढ्यात आठवलं. थांबलो. त्यांनीच चष्मा काढून पाहिला आणि हसत सुटल्या — घाईत यजमानांचा घालून आल्या होत्या.

गुरुवार, ९
लेकीचा फोन. "बाबा, ऑफिसात ना—" एवढंच म्हणाली. मी लगेच उपदेश सुरू. तिने फोन आईकडे द्यायला सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी!

रविवार, १२
जमलं! शेवटचा डाव, एका धावेचा फरक. गडी घसरला, धुरळा उडाला, चेंडू कुणालाच दिसेना. दोन्हीकडून आरडाओरडा. मी आवंढा गिळला. धुरळा बसला, ग्लव्ह वर आला — चेंडू आत! मग दिला आवाज. बाद झालेला गडीसुद्धा मुकाट्याने कपडे झटकत गेला. घरी येताना मी शीळ घालत होतो, या वयात!

सोमवार, १३
संध्याकाळी लेक आली. समोर बसली. म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडतेय." सगळं ओठांवर आलं होतं. गिळलं. ती वाट बघत राहिली, मी गप्प. मग तिने हळूच विचारलं, "मला दुकानात घ्याल?"