ह्यांच्या बोटाखालची ओळ

४ जानेवारी

नवा परिच्छेद हवा तर मधे एक ओळ कोरी सोडायची. नुसतं एन्टर चालत नाही. स्पेस कितीही वेळा दाबा, कॉम्प्युटर छापताना एकच धरतो. उभा जन्म शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं, माझा अंगठा ऐकतच नाही!

ह्यांचं पुस्तक नळातून वाहणाऱ्या पाण्याच्या गणिताचं. निम्मं टाइप करून झालं आणि पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. उरलेलं हस्तलिखित तसंच पडून होतं. प्रकाशक म्हणाले, थांबू की आपण. थांबणार नाहीत, ते त्यांच्या आवाजातच कळलं. म्हणून मी बसले. लॅटेक म्हणतात ह्या प्रकाराला. मजकुरातच खुणा लिहायच्या, पानं तो स्वतः लावतो. लेक फोनवरून शिकवते.

७ जानेवारी

'गळतीत ३०% पाणी वाया जातं' असं लिहिलं. छापून आलं 'गळतीत ३०'. पुढचं सगळं गडप! टक्क्याच्या खुणेपासून ओळीतलं पुढचं तो सोडूनच देतो म्हणे. खुणेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. लेक पोट धरून हसली. मला हसायचीही ताकद नव्हती.

१२ जानेवारी

छापलेली पानं ह्यांच्यापुढे धरली. बराच वेळ बघत बसले. मग डाव्या हाताचं बोट एका ओळीवर ठेवलं. मी ती ओळ हस्तलिखिताशी ताडून पाहिली. काही दिसेना. वरखाली पाहिलं – व्यासाच्या जागी मी त्रिज्या टाइप केली होती. बोलणं गेलं, पण आतला मास्तर जागा आहे. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

१३ जानेवारी

पाठ दुखते.

१९ जानेवारी

आकृती सांगितल्या जागी राहत नाही, पुढच्या पानावर जाऊन बसते. धरून ठेवली तर अर्धं पान पांढरं. लेक म्हणते, जाऊ दे तिला. 'खालील आकृती' असं लिहूच नको, नंबराने बोलव. नंबरही हाताने घालायचा नाही, लेबल द्यायचं. तेही आकृतीच्या नावानंतर, आधी दिलं तर भलताच नंबर येतो. आणि फाइल दोनदा चालवायची, नाहीतर नंबराच्या जागी प्रश्नचिन्हं.

ह्यांनी आज आकृतीच्या पानावर बोट ठेवलं. खूप शोधलं. बाण उलटा होता, पाणी चढावर चाललेलं!

२६ जानेवारी

एक महिरपी कंस बंद करायचा राहिला आणि सगळं प्रकरण अडलं. चूक म्हणून दाखवतो ती ओळ धडधडीत बरोबर. दोष वर कुठेतरी असतो, हे उमगेपर्यंत दिवस मावळला. ह्यांना खायला द्यायला उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडले.

नणंद आली होती. म्हणाली, "वहिनी, दादाला काय कळतंय आता? कशाला जीव काढतेस?"

मी म्हटलं, चुका तेच तर पकडतात. तिने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. राग आला तिचा.

२ फेब्रुवारी

सहावं प्रकरण संपलं. ह्यांनी चार ठिकाणी बोट ठेवलं. चारही पानांवर काही ना काही निघालंच. मी थकलेय, पण ह्यांची नजर पानावरून हलत नाही. त्या नजरेसाठी बसते.

५ फेब्रुवारी

वाचाउपचाराच्या बाई आज पहिल्यांदा आल्या. ह्यांना चित्रं ओळखता आली, सगळी. अक्षर एकही नाही. स्वतःचं नावसुद्धा नाही. बाई बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "झटक्यापासून त्यांना वाचता येत नसणार."

"आकडे?"

"आकडेही नाही."

म्हणजे चुका मीच शोधत होते.

बाई गेल्यावर ह्यांनी मान टेबलाकडे वळवली. मी पानं आणून पुढे धरली. ह्यांनी बोट ठेवलं. मी वाचायला लागले.