कोपऱ्यातली सही आणि पेजचा पत्ता

८ जानेवारी, गुरुवार
कापड दुकानाचं शटर संपवलं. 'साडी'तला 'डी' मनासारखा उतरला. असा महिन्यातून एखादाच उतरतो.
घरी आलो तर शिवानी मोबाइल घेऊन दारातच उभी. पुण्याच्या कुणा हॉटेलवाल्याने कडा गावातल्या चहाच्या टपरीवरचा माझा बोर्ड जाता-येता पाहिला आणि टपरीवाल्याकडून नंबर घेतला. फ्लेक्स नको, हातानंच लिहिलेलं पाहिजे म्हणतो. तीन हॉटेलांचे बोर्ड. "आधी तुमच्या पेजची लिंक पाठवा."
पेज कुठलं आलंय? मी गाडीला रंगाचे डबे अडकवून फिरणारा माणूस.
लेक म्हणाली, "अप्पा, धा मिन्टाचं काम हाय."

९ जाने., शुक्र.
दहा मिनिटांचं काम आज दुसऱ्या दिवशीही चालू. पेजला स्वतःचा पत्ता निवडावा लागतो म्हणे. अक्षरं इंग्रजी, मधे जागा सोडायची नाही. जन्म मराठी अक्षरं वळवण्यात गेला आणि आपल्या दाराची पाटी इंग्रजीत. असो.
मी म्हणालो, गुलाबआर्ट. ते आधीच कुणीतरी घेतलंय, मेंदीवाली आहे कुठलीशी. गुलाबआर्टआष्टी मात्र रिकामं. म्हटलं घे. शि. घेईना.
"तुमचं नाव मन्मथ. मंग गुलाब कावून?"
तिला माहीत नाही असं थोडंच आहे. गुलाबभाई माझे उस्ताद. सतराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो. आमच्या धंद्यात रीतच अशी, बोर्ड कुणीही रंगवो, कोपऱ्यात सही उस्तादांची. त्यांचा हात थरथरायला लागून वीस वर्षं झाली. तेव्हापासूनचा एकूण एक बोर्ड मी लिहिलाय आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'गुलाब आर्ट, आष्टी'. त्यात वावगं असं कधी वाटलंच नाही.
शि. म्हणाली, "एवढ्या बोर्डांत एकावर तरी तुमचं नाव हाय का?"
नाही. चहा प्यायलो.

१० जाने., शनि.
मन्मथपेंटर रिकामं आहे. शि.नं सकाळी दाखवलं. माझं नाव, सगळ्या जगात अजून कुणी घेतलेलं नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं. मग दिवसभर लाज वाटत राहिली.
मायलेकी एक झाल्या. सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊन इचारा की त्यास्नी. खात्यात का काय?" तिचं बरोबर आहे. पण विचारायचं म्हणजे तोंडावर सांगायचंच, की उस्ताद, आता तुमचं नाव नको. ज्यांनी हातात ब्रश दिला त्यांना.
ती मेंदीवाली नसती तर बरं झालं असतं, गुलाबआर्ट मिळालं असतं आणि विषयच मिटला असता.

१२ जाने., सोम.
गेलो नाही. प्रायमर वाळायचा होता.
(प्रायमर कालच वाळला होता.)
हॉटेलवाल्याचा दुसऱ्यांदा मेसेज. या आठवड्यात लिंक गेली नाही तर तो दुसरा पेंटर बघणार.

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगुळाच्या निमित्ताने गेलो, शि. सोबत. उस्ताद मुलाच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेले, समोरच्या फ्लेक्सवरच्या अक्षरांकडे बघून नाक मुरडत. पाया पडलो. पेजचं सांगितलं, पत्त्याचं सांगितलं. माझ्या नावाशी आलो आणि जीभ अडली. शि.नंच वाक्य पुरं केलं.
"मंग टाक की तुझं," उस्ताद म्हणाले.
"तुमाला वाईट..."
"वीस वर्सं बोर्ड तू लिव्हतोस आन् शिव्या मला बसत्यात. त्या मंगल कार्यालयाचा 'ल' बघून मला लग्नाला जाऊ वाटंना. सुटलो बे एकदाचा!"
हसलो. डोळ्यांत पाणीही आलं. सहा दिवस उगाच जीव टांगणीला लावून घेतला.
निघताना त्यांनी हाक मारली. मला नाही, शि.ला. हळूच विचारलं, "बेटी, माझ्या नावाचं ते रिकामं हाय का अजून?"

१५ जाने., गुरु.
मन्मथपेंटर घेतलं. लिंक गेली. पुण्याहून अंगठा आला, पुढच्या आठवड्यात मापं पाठवतो म्हणाला. सुमननं शिरा केला.
शि.नं उस्तादांच्या फोनवर गुलाबआर्टआष्टी घेऊन दिलं. ते पेज उघडून बसलेत, आत काहीच नाही. टाकायचं काय? माझे बोर्ड त्यांना चालणार नाहीत. "चोरीचा माल नगं. माझ्या हातचंच पायजे." पण त्यांच्या हातचं उरलंय किती? काही उन्हानं खाल्लं, काही फ्लेक्सखाली गाडलं गेलं, रस्ता रुंद झाला तेव्हा काही दुकानांसकट गेलं.
म्हटलं, मी आहे ना. शोधू.

१७ जाने., शनि.
आष्टीत दिवसभर हिंडून एक सापडला. सायकलच्या दुकानावरचा फ्लेक्स मालकानं उचलू दिला. खाली सगळं गेलेलं, फक्त 'दुरुस्त' शिल्लक. उस्तादांनी त्यावरून बोट फिरवलं, थरथरत का होईना, अक्षराच्या वळणानं. शि.नं फोटो टाकला. सात जणांना आवडला, त्यांत चार आम्ही घरचेच. उस्ताद मात्र येईल-जाईल त्याला फोन दाखवतायत.

१८ जाने., रवि.
एसटीनं शिरूर कासार. उस्तादांना खात्री, तिथल्या गिरणीवर त्यांचा बोर्ड आहे. गल्लीत निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. गिरणी चालू. आणि बोर्ड आहे! पिवळ्यावर लाल, काळी शेड, तीसेक वर्षांचा असेल. कोपऱ्यात सही.
"बघ. ह्याला म्हंतेत हात," उस्ताद म्हणाले.
मला वाटलं, हा तर मी लिहिला. शिडीवर उन्हानं चक्कर आलेली आठवते. गप्प बसायचं, तर बोलून गेलो.
"चक्कर मला आलती बे! तू खाली शिडी धरून हुतास."
गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या वडलांनी करून घेतलता. दोघं जण आलते म्हनायचे." झालं, वाळूत मुतलं, फेस ना पाणी. मग दोघंही पोत्यांवर चढून जवळून बघत राहिलो. ब्रश कुठं टेकला, कुठं ओढला, 'ठ'चं गोल पोट कसं वळवलंय. पीठ उडून दोघंही पांढरे. मला माझं वाटतंय, त्यांना त्यांचं.
परत येताना एसटीत त्यांनी विचारलं, "तुला नक्की आठवतंय का?"
खरंच नक्की नाही. तसं सांगितलं.
"मलाबी न्हाई," म्हणाले आणि कड्यापर्यंत हसत होते. इतकं सुख मला माझं नाव मिळालं त्या दिवशीही झालं नव्हतं.
फोटो मी काढलाय, जरा वाकडा आलाय. शि. मघापासून विचारतेय, अप्पा, हा कुणाच्या पेजवर टाकू?